स्प्रे मारला की हवेत काय उरतं

समजा, कुणी बाथरूमच्या टाईल्सवर चार-पाच वेळा क्लीनरचा स्प्रे मारतोय, दार लावलेलं, खिडकी पण बंदच. मोठे थेंब टाईलला चिकटून ओघळतात, ते आपल्याला दिसतात. बारीक तुषार मात्र लगेच खाली बसत नाहीत, हवेतच तरंगत राहतात आणि घासायला वाकलेल्या माणसाचं नाक नेमकं तिथेच असतं.

२००७ मध्ये युरोपातल्या १० देशांचा एक अभ्यास आला. साधारण साडेतीन हजार माणसं, आधी दमा नसलेली, घर स्वतः साफ करणारी. पुढची जवळपास ९ वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं तर आठवड्यातून एकदा तरी स्प्रे वापरणाऱ्यांमध्ये दम्याची लक्षणं, छातीतली घरघर जास्त निघाली. काचेचा स्प्रे, फर्निचरचा स्प्रे, रूम फ्रेशनर, म्हणजे कुणाला घातक वाटणारही नाहीत असल्या वस्तू. आणि जे क्लीनर स्प्रे न करता वापरले त्यांचा दम्याशी संबंधच दिसला नाही! आता नुसत्या पाहणीवरून स्प्रेमुळेच दमा झाला असं छातीठोक सांगता येत नाही, पण हा फरक काही दुर्लक्ष करण्यासारखा नाहीये.

मग २०२० मध्ये कॅनडातून २००० हून जास्त बाळांचा अभ्यास आला. बाळ तीन-चार महिन्यांचं असताना ज्या घरात क्लीनर जास्त वापरले जायचे तिथे तिसऱ्या वर्षापर्यंत दमा जास्त आढळला, ॲलर्जी मात्र वाढलेली दिसली नाही. म्हणजे बहुतेक ही ॲलर्जीची भानगड नसून श्वासनलिकेचं आतलं अस्तर सारखं सारखं चुरचुरत राहतं, सुजतं, असं संशोधकांना वाटतं.

सुवासाचं पण तसंच. लिंबू-संत्र्याच्या वासाचं जे लिमोनीन असतं ते हवेतल्या ओझोनशी भिडलं की त्यातून फॉर्मल्डिहाईड नावाचा झोंबणारा वायू तयार होतो, बाटलीवर 'नॅचरल' लिहिलं म्हणून ते काही थांबत नाही. एअर प्युरिफायर आहे ना, म्हणाल, तर त्यातला हेपा फिल्टर कण पकडतो, वायू नाही, वायूसाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनचा, म्हणजे खास कोळशाचा फिल्टर लागतो.

त्यापेक्षा सरळ फडक्यावर ओतून पुसा, खिडकी उघडी ठेवा, आणि घरात कुणी इनहेलरवाला असेल तर तेवढा वेळ त्याला दुसऱ्या खोलीत पाठवा.

ब्लीच आणि ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर मात्र कधीच एकत्र करू नका, जास्त चकाचक होईल वगैरे काही नाही, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. असा एकच मोठा झटका बसून, आधी कधी दमा नसलेल्या माणसालाही दमा जडू शकतो. चुकून झालंच आणि डोळे झोंबायला लागले, ठसका आला, तर पाणी टाकून धुवत बसू नका, तसंच सोडून मोकळ्या हवेत या. बाहेर येऊनही धाप लागतेय, छाती आवळल्यासारखी वाटतेय, तर थेट हॉस्पिटल गाठा आणि काय काय मिसळलं होतं ते डॉक्टरांना सांगा.