पट्टा अडकवायचा कुठे?

[गिरगाव, सकाळचे सात. चाळीसमोर अर्धी उभी राहिलेली परांची.]

खालून वर बांबू चाललाय. खालचा माणूस तो उभा धरतो, दुसऱ्या मजल्यावरचा ओढतो, आणि चौथ्यावरचा पायाच्या अंगठ्यानं अडवून धरत दोन्ही हातांनी काथ्या गुंडाळायला लागतो. हात बघा त्याचे. आधी तिरके फेरे, मग उलटे तिरके. शेवटी टोक पिळून फेऱ्यांखाली खोचायचं. खिळा नाही, बोल्ट नाही. सगळी परांची या पिळावर उभी राहते.

मुकादम मूळचे जळगावकडचे. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी ते एकेक जोड हातानं हलवून बघतात. काथ्या भिजला की आवळतो आणि वाळला की सैल पडतो. काल घट्ट असलेला जोड आज तसाच असेल, असं ते धरून चालत नाहीत. ही तपासणी त्यांना कुणी सांगितलेली नाही, कुठल्या कागदावर ती लिहिलेलीही नाही.

[हातोडीचा आवाज. भिंतीचं क्लोजअप.]

मुंबईत 30 वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. ऑडिट झालं की दुरुस्ती निघते, आणि दुरुस्ती निघाली की परांची चढते. प्लास्टर हातोडीनं ठोकत जायचं. भरीव असेल तर टणक आवाज येतो, पोकळ असेल तर बद्द. बद्द वाजलं की तेवढा तुकडा उतरवायचा. आतली सळई गंजून फुगलेली दिसते, तीच प्लास्टर बाहेर ढकलत असते. घासायची, गंजरोधक लावायचा, नवा माल भरायचा. हे सगळं एका हातानं. दुसऱ्या हातात बांबू असतो.

या तरुणानं सुरक्षेचा पट्टा लावलाय. नागदेवी स्ट्रीटवरून आणलेला, नवा आहे. आता हुक कुठे आहे ते बघा. ज्या आडव्या बांबूवर तो उभा आहे, त्याच बांबूला.

बांबू सुटला तर पट्टा, हुक आणि माणूस, तिन्ही एकदमच खाली येणार. चौथ्या मजल्यावरून जमिनीपर्यंत यायला साधारण दीड सेकंद लागतो.

मुकादमांचा एक सोबती असाच तिसऱ्यावरून पडला, आता गावी काठी घेऊन चालतो.

[दादर. इमारतीची गच्ची.]

इथे वेगळं काम चाललंय, आणि आम्हाला हेच दाखवायचं होतं. दोर परांचीला नाही, जिन्याच्या खोलीच्या आरसीसी खांबाला बांधलाय. कठड्यावरून खाली सोडताना मध्ये गोणपाटाची जाड घडी घातली आहे, कारण सिमेंटच्या धारेवर घासून दोर तुटतो. प्रत्येक माणसाला स्वतंत्र दोर. दोरावर ही लोखंडी पकड आहे. माणूस चढला की ती सोबत सरकते, हिसका बसला की जागीच आवळते.

पट्टाही कमरेचा नाही. खांदे, छाती आणि मांड्या धरून ठेवणारा आहे. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर पडणाऱ्याचा सगळा हिसका पोटावर आणि मणक्यावर येतो. आणि लोंबकळणाऱ्याला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं. म्हणून इथे दोन माणसं गच्चीवर थांबतात आणि त्यांना दुसरं काम दिलेलं नाही.

परांची अख्खी कोसळली तरी हा दोर इमारतीला धरून राहील.

बांधकाम कामगारांसाठीचा कायदा 1996 चा होता, 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. बांधकामाच्या खर्चाच्या 1 टक्का उपकर त्यांच्या कल्याणासाठी गोळा होतो. पण जुना असो की नवा, कायदा लागू व्हायला दहा किंवा जास्त कामगार लागतात. गिरगावच्या या टोळीत माणसं सात. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. वर्षात चार ठेकेदार बदलणाऱ्यानं तो कुणाकुणाच्या मागे लागून आणायचा?

मग विचारायचं कुणाला? आम्ही सोसायटीलाच विचारतो, कारण पैसे तिचे आणि करारावर सही तिची. दुरुस्तीची कोटेशनं आम्ही सभासदांसोबत बसून वाचली. रंगाची कंपनी, वॉटरप्रूफिंगची हमी, बिलाचे हप्ते, सगळं त्यात होतं. लाइफलाइनची, म्हणजे गच्चीवरून सोडायच्या या दोराची, ओळ एकाही कोटेशनमध्ये नव्हती. ‘प्रत्येक कामगाराला गच्चीवरून स्वतंत्र दोर, त्याचा खर्च धरून’ एवढं निविदेत आधीच लिहिलं, तर सगळ्याच ठेकेदारांना तो खर्च धरावा लागतो. प्रामाणिक ठेकेदार मग त्या एका ओळीपायी महाग ठरत नाही.

[पुन्हा गिरगाव. गच्ची, संध्याकाळ.]

तीन आठवड्यांनी आम्ही परत गेलो. जिन्याच्या खोलीच्या खांबाला दोन दोर बांधलेले होते, कठड्यावर गोणपाट होतं. तरुणानं हुक नव्या दोराला लावला, दोनदा खेचून बघितला आणि कठडा ओलांडला.

“बाकीचे पाच दोर सोमवारी येतायत,” मुकादम म्हणाले. “तोवर वर दोघंच चढणार.”