मोतीचे केस

नमस्कार श्रोतेहो.

आम्ही लातुरात, औसा रोडवर, तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन बेडरूमचा फ्लॅट, माणसं दोन: मी आणि माझे मिस्टर. शिवाय मोती आणि मनी. मोती लॅब्रॅडॉर. मुलानं कॉलेजात असताना हौसेनं आणला आणि नोकरीला पुण्याला जाताना आमच्या पदरात टाकून गेला. मनी मांजर पार्किंगमधून स्वतःच्या पायानं जिना चढून आली, ती उतरलीच नाही. होळी झाली, ऊन चढायला लागलं की मोतीचे केस गळायला सुरुवात होते. कामाला येणाऱ्या बाई फडा हातात घेऊन दारात थबकतात आणि म्हणतात, "काकू, ह्यो केर न्हाई, लोकर हाय लोकर. एखादी उशी भरा ह्याची."

केस फड्याला दाद देत नाही, हे ज्यांच्या घरी कुत्रं-मांजर आहे त्यांना सांगायला नको. फडा मारला की तो उडतो, हवेत गिरकी घेतो, आणि फडा पुढं गेला की मागं येऊन निवांत बसतो. म्हणून आम्ही व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं ठरवलं. आणि पहिला घेतला तो चुकला. आज बोलणार आहे ते त्या चुकीच्या जोरावर.

दुकानात गेलो. विक्रेता मुलगा म्हणाला, "मॅडम, सोळाशे वॅट आहे, घरातली गादीसुद्धा ओढून घेईल." मिस्टर खूष. घरी आणला, हॉलमध्ये लावला. त्याच्या तोंडाला कडक दातांचा, गरागरा फिरणारा ब्रश. मोतीचे केस पुढून आत जाण्याऐवजी त्या ब्रशच्या फटक्यानं मागं, माझ्या पायांवर उडायला लागले. मशीन मोठ्यानं ओरडत होतं आणि मोती पलंगाखाली थरथरत होता.

नंतर समजलं की तो ब्रश गालिच्यासाठी होता. गालिचाच्या तंतूंत रुतलेला केस उपसायला कडक दात लागतात. आपल्याकडे गालिचा कुठला? जुन्या घरात शहाबादी, नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल. त्यावर कडक ब्रश म्हणजे फड्याचाच थोरला भाऊ. टाइलला मऊ, लोकरीसारखा गुबगुबीत रोलर लागतो, नाहीतर मागच्या बाजूनं रबराची पट्टी असलेलं साधं चपटं तोंड. मशीनसोबत कोणतं तोंड येतं, हे मी आता आधी बघते. वॅट नंतर.

वॅटचं सांगते. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं तो आकडा. बैल वैरण किती खातो यावरून तो किती नांगरतो हे ठरत नाही. ओढण्याची ताकद पास्कल किंवा किलोपास्कलमध्ये सांगतात, काही कंपन्या एअरवॅटही लिहितात. पण तो पास्कलचा आकडाही बहुधा नळीचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. आपण काही तोंड बंद करून झाडत नाही. म्हणून दुकानात मशीन चालू करून दाखवायला सांगा, आणि घरून डबीत थोडे केस घेऊन जा. हसू नका, मी दुसऱ्या खेपेला नेले होते. मुलगा आधी बावरला, मग त्यानं स्वतःच तीन मशीनं काढून दाखवली.

फरशीचं काम त्या मानानं सोपं. खरी परीक्षा सोफ्यावर आणि गादीवर. मनीची जागा दिवाणावर, सतरंजीवर. तिथं केस विणीत गुंततो, नुसत्या ओढीनं निघत नाही. त्यासाठी हातात मावेल असा छोटा फिरता ब्रश लागतो. यात दोन प्रकार असतात: एकात ब्रशला स्वतःची मोटार असते, दुसरा नुसत्या हवेच्या झोतावर फिरतो. हवेवरचा स्वस्त पडतो, पण गादीवर जरा दाबला की अडकून बसतो. मोटारीचा असेल तरच पैसे घाला. नाहीतर भांडी घासायचा रबरी हातमोजा घाला, ओला करा आणि सोफ्यावरून एकाच दिशेनं हात फिरवा. केसांची वळकटी होऊन येते. तीस-चाळीस रुपयांचं काम.

रोलरभोवती केस गुंडाळले जातात, तेही बघून घ्या. रोलर हातानं, स्क्रू न काढता निघतो का? आमचा पहिला निघत नव्हता. दर रविवारी मिस्टर चष्मा लावून, कात्री घेऊन बसायचे. आणि दोष एकट्या मोतीचा नव्हता. कापून निघायची त्यात अर्धी माझी वेणी असायची.

आता फिल्टर. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून जरा सावकाश सांगते. माझ्या धाकट्या बहिणीला दमा आहे. ती आली की मनीला बाहेर काढायचं, घर झाडून घ्यायचं, तरी तासाभरात तिची छाती भरायची. आम्हाला वाटायचं केसांनी होतं. केसांनी होत नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या ग्रंथींत एक प्रथिन असतं, त्यानं होतं. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे सूक्ष्म कण होऊन हवेत तरंगतात आणि तासन् तास खाली बसत नाहीत. साधं मशीन केस आत घेतं आणि हे कण मागच्या जाळीतून परत घरात सोडतं. म्हणजे आपण झाडतो, आणि बहिणीला खोकला लागतो.

यासाठी हेपा फिल्टर. खरा हेपा ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के कण अडवतो. पण खोक्यावर 'हेपासारखा' किंवा 'हेपा टाइप' असं लिहिलेलं असेल तर ते शब्द नीट वाचा. आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी मशीनच्या सांध्यांतून, झाकणाच्या फटीतून हवा निसटत असेल तर काय उपयोग? माझी एक घरगुती युक्ती आहे. रात्री दिवे घालवायचे, मशीन चालू करायचं आणि मागच्या झोतावर बॅटरीचा उजेड आडवा टाकायचा. उजेडात धूळ नाचताना दिसली की समजायचं.

या यंत्राचा जन्मही थोडा दम्याशी जोडलेला आहे. १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्युबर्ट बूथ या इंजिनियरनं धूळ ओढून घेणारं मशीन केलं. कल्पना खरी की खोटी हे बघायला त्यानं म्हणे तोंडावर रुमाल धरून खुर्चीच्या गादीतली हवा स्वतः ओढून पाहिली होती, आणि ठसका लागला होता. त्याचं मशीन एवढं अगडबंब की घोडागाडीवरून यायचं, रस्त्यावर उभं राहायचं आणि खिडकीतून घरात नळ्या सोडायच्या. घरात हातानं ढकलता येईल असं मशीन केलं ते अमेरिकेतल्या ओहायोमध्ये, जेम्स स्पँग्लर नावाच्या झाडलोट करणाऱ्या माणसानं. त्याला दमा होता, झाडताना उडणारी धूळ सोसायची नाही. पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा, एवढ्यावर त्यानं ते जुळवलं. १९०८ साली पेटंट मिळालं. पुढं ते हक्क हूवर कुटुंबानं घेतले आणि नाव त्यांचं झालं.

तो उशीचा अभ्रा आजही मशीनमध्ये आहे, पिशवीच्या रूपात. पिशवीचं घ्यावं की डब्याचं? दमेकरी घरात असेल तर मी पिशवी म्हणेन. भरली की तोंड मिटून थेट टाकता येते, धूळ उडत नाही. अडचण एवढीच की आपल्याकडे गावात पिशव्या मिळत नाहीत, ऑनलाइन मागवाव्या लागतात. घेताना डझनभर घेऊनच ठेवा. डब्याच्या मशीनला तो खर्च नाही, पण हातात धरायच्या मशीनचा डबा अर्ध्या लिटरच्या आसपास असतो आणि केस कापसासारखे फुगतात. एका खोलीत डबा भरतो. रिकामा करायला गॅलरीत जा, वारा कुठून वाहतोय ते बघा. मी एकदा बघितलं नव्हतं.

शिवाय आपली काळ्या मातीची धूळ. उन्हाळ्यात वावटळ सुटली की खिडक्या लावूनही ती पिठासारखी घरात येते, आणि फिल्टर पंधरा दिवसांत गुदमरतो. ओढ कमी झाली म्हणून मशीन बिघडलं असं समजून दुकानात नेऊ नका, आधी फिल्टर झटका. धुण्याजोगा असेल तरच धुवायचा, तोही साध्या पाण्यानं, साबण नको, आणि सावलीत पूर्ण दिवसभर वाळवायचा. ओला बसवला तर मोटारीत ओल जाते. श्रावणात तर दोन दिवस लागतात, म्हणून एक जादा फिल्टर घेऊनच ठेवायचा. उदबत्तीची राख, बुक्का, हळद-कुंकू, भिंत घासताना पडलेलं सिमेंट यांवर मशीन फिरवायचं नाही. एवढी बारीक भुकटी फिल्टरची छिद्रं बुजवते.

विजेचं थोडक्यात. तारेचं सोळाशे वॅटचं मशीन घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही, त्यामुळे लाइट गेली की काम थांबलं. बॅटरीचं चालतं, पण खोक्यावर चाळीस मिनिटं लिहिलेली असली तरी ती सगळ्यात कमी ओढीची. पूर्ण जोरावर आठ-दहा मिनिटांत संपतं. बॅटरी काढून बदलता येते का ते विचारा. आणि एप्रिल-मे मध्ये चार्जिंगला गॅलरीत लावू नका. आपल्याकडे बेचाळीस अंश सावलीत असतं. लिथियमच्या बॅटरीला पंचेचाळीसच्या वर चार्ज होणं मानवत नाही.

फरशी पुसणारं मशीन घ्यावं का, असं मला शेजारच्या ताईंनी विचारलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं. तेव्हा फरशी पुसणं ही चैन होती आणि तो उन्हाळा आम्ही विसरलेलो नाही. त्यामुळे कमी पाण्यात पुसणारं मशीन कुणालाही गोड वाटेल. पण ओल्यात केस गेला की त्याचा गोळा होतो आणि नळीत अडकतो. आणि घाणीचं भांडं त्याच दिवशी धुतलं नाही तर आपल्या उन्हात संध्याकाळपर्यंत नाक धरायची वेळ येते. आधी कोरडं, मग ओलं. दोन्ही कामं एकात असा मोह मी टाळला.

रोबोची गंमत भाच्याच्या घरी बघितली, संभाजीनगरला. गोल थाळीसारखं यंत्र, आपलं आपण फिरतं. सकाळी वहिनींनी देवघरापुढं रांगोळी काढली, थाळी आली आणि रांगोळी घेऊन गेली. तो विषय चहाच्या वेळी संपला. पण ज्यांच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आहे त्यांनी नीट ऐकावं. पिल्लानं रात्री कोपऱ्यात शी केली आणि पहाटे रोबो निघाला, तर तो ती साऱ्या घरभर सारवतो. पिल्लू शिकेपर्यंत त्याला रात्री सोडू नका. शिवाय दोन सेंटिमीटरच्या वरचा उंबरठा बहुतेक रोबोंना चढत नाही. लहान केसांचं जनावर असेल, आपल्या भागातला कारवान जातीचा कुत्रा वगैरे, तर रोज फिरणारा रोबो बराच भार उचलतो. मोतीसारख्याला नाही पुरत.

आवाजाचं राहिलं. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण पंचेचाळीस हजारांपर्यंत, मांजराला त्याहून वर. मोटारीची जी शिट्टी आपल्याला ऐकूच येत नाही, ती त्यांच्या कानात शिरते. मी नवीन मशीन आठ दिवस बंदच हॉलमध्ये ठेवलं होतं, शेजारी मोतीचं बिस्कीट. मग दुसऱ्या खोलीत, दार लावून, मिनिटभर चालू. आता तो पलंगाखाली जात नाही. गॅलरीत जाऊन पाठ करून बसतो.

दुसरं मशीन घ्यायला गेलो तेव्हा कामाच्या बाईंनाही सोबत नेलं होतं. रोज चालवणार त्या. त्यांनी तीनही मशीनं हातात धरून पाहिली. सगळ्यात महागडं त्यांनी खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्यानं मनगट मोडंल." आम्ही अडीच किलोचं घेतलं.

गेल्या लक्ष्मीपूजनाला त्यांनी नेहमीप्रमाणे केरसुणीला हळद-कुंकू वाहिलं. मग मशीनकडं बघून म्हणाल्या, "ह्ये बी झाडतंच की." मी धावत गेले आणि फिल्टरच्या झाकणावर हात ठेवला. कुंकू मग त्यांनी दांड्याला लावलं.