कार्बोरेटरला हात लावायच्या आधी

(डेट्रॉइटच्या एका उपनगरात मराठी मंडळींच्या शनिवारच्या बैठकीत झालेल्या गप्पावजा व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवलाय.)

नमस्कार मंडळी, मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत विषय एकदम भारदस्त छापलाय, पण सरळ सांगायचं तर जुनी अमेरिकन गाडी आहे, मोठं इंजिन आहे, ते धड चालत नाहीये, आता काय करायचं, एवढंच. आणि मी काही मेकॅनिक नाही हे आधीच सांगतो, नाहीतर नंतर चहाच्या वेळी लोक आपापल्या गाडीच्या चाव्या घेऊन माझ्याकडे येतात.

माझ्याकडे १९६७ची पॉन्टिअॅक जीटीओ आहे. जीटीओ म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो. १९६४च्या मॉडेलला पॉन्टिअॅकच्या लोकांनी, त्यात जॉन डीलोरियन हे मुख्य नाव, मधल्या साइजच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ क्युबिक इंचाचं इंजिन टाकलं. कंपनीचा नियम होता की या साइजच्या गाडीत ३३०च्या वर जायचं नाही, म्हणून यांनी ते वेगळं मॉडेल न म्हणता 'ऑप्शन' म्हणून विकलं. सरकारी कामात आपल्याकडे जशी पळवाट काढतात ना, तश्शी. ६७ला ते इंजिन ४०० क्युबिक इंचाचं झालं, म्हणजे साडेसहा लिटर. आठ सिलिंडर, एकेक सिलिंडर ८१९ सीसीचा. आपल्या मारुती ८००चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं! म्हणजे माझ्या हुडखाली आठ मारुत्या बसल्यात आणि त्यातली एक रुसली तरी गाडी चालतेच, फक्त वाईट चालते. गंमत तिथेच आहे. बजाज चेतक बंद पडली की बंद पडायची, तिरकी करून किक मारायची नाहीतर ढकलत न्यायची. व्ही-८ बंद पडत नाही. ती तीन-तीन वर्षं कण्हत चालते आणि मालकाला वाटतं जुनी गाडी अशीच असणार.

माझी कशी चालत होती ते ऐका. आयडलिंगला थरथरायची, सिग्नलला न्यूट्रल करून थोडी रेस द्यायला लागायची. पिकअप मेलेला. ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा काटा चढायचा. आणि दम द्यायला गेलं की एक क्षण हुकायची, मग निघायची. ज्याला ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. या गाडीवर रॉचेस्टरचा क्वाड्राजेट येतो, चार तोंडांचा, पुढची दोन बारीक आणि मागची दोन ही भली मोठी, आणि त्याचं नाव इतकं बदनाम आहे की कुठलाही दोष त्याच्या नावावर खपून जातो. मी पण खपवला. काढला, एका दुकानाला रिबिल्ड करायला दिला, पैसे मोजले, बसवला. काही फरक नाही. मग दुकानाला शिव्या घातल्या, परत पाठवला, परत आला, परत तेच. आज सांगतो, त्या दुकानाची काही चूक नव्हती.

इथल्या जुन्या मेकॅनिक लोकांत एक चेष्टा चालते की कार्बोरेटरचे बहुतेक आजार इग्निशनमध्ये सापडतात. तेव्हा ती चेष्टा वाटली होती.

आता क्रम सांगतो, माझा नाही, सगळे शहाणे लोक हाच वापरतात, मी उलटा वापरला म्हणून दोन उन्हाळे गेले. आधी कॉम्प्रेशन, मग स्पार्क, मग पेट्रोल. कारण सिलिंडरमध्ये दाबच बनत नसेल तर वर सोन्याचा कार्बोरेटर लावा, काय उपयोग? इंजिन गरम करायचं, आठही प्लग काढायचे, कॉइलची वायर काढून ठेवायची, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा आणि एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर मारायचा. आकडा किती येतो यापेक्षा आठ आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघायचं, सगळ्यात कमी असलेला सगळ्यात जास्तच्या पाऊणपटीखाली गेला तर काळजी. त्या कमी असलेल्यात चमचाभर ऑइल टाकून परत बघायचं, आकडा चढला तर रिंगा गेल्यात, नाही चढला तर बहुतेक व्हॉल्व्ह. माझे आठही छान आले. तेव्हा आनंद झाला, पण खरं तर तिथेच डोकं लावायला हवं होतं, की इंजिन आतून ठणठणीत आहे म्हणजे चूक बाहेर आहे.

काढलेले प्लग फेकू नका, ओळीने मांडा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून. आठही सारखे काळे असतील तर सगळ्यांना मिळून असलेलं काहीतरी बिघडलंय, एकच काळा किंवा तेलकट असेल तर त्या एका घरातलं भांडण आहे. एखादं सिलिंडर मेलंय का ते बघायला आता सोपं झालंय, तो पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्यायचा, स्टार्ट केल्या केल्या एक्झॉस्टच्या प्रत्येक पोर्टवर धरायचा, जो थंड तो मेलेला. आणि हो, वायरी बघा! या इंजिनचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ आहे, त्यात ५ आणि ७ एकामागोमाग पेटतात आणि दोघे शेजारी-शेजारी, ड्रायव्हरच्या बाजूला. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून गेल्या तर पाचच्या वायरीतून सातमध्ये चोरून स्पार्क जाऊ शकतो. वायरी नव्या, प्लग नवे आणि गाडी मिसिंग करते म्हणून डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत. दोन वायरींच्या मध्ये अंतर ठेवा, शक्य तर एक दुसरीला आडवी जाऊ द्या.

मग सीबी पॉइंट, म्हणजे स्पार्कसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच. इथे तरुण मंडळींचे चेहरे कोरे झाले, पण पन्नाशीच्या वरचे हसतायत, कारण आपण सगळ्यांनी चेतकचे पॉइंट पॉलिश पेपरने घासलेत. तत्त्व तेच. फक्त या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे एकेका सिलिंडरला पाळीने स्पार्क वाटणाऱ्या डब्याच्या, कॅपला एक छोटी खिडकी आहे, ती वर सरकवायची आणि इंजिन चालू असताना आत बारीक षटकोनी चावी घालून गॅप अॅडजस्ट करायचा. ज्याने कोणी ती खिडकी ठेवली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. ड्वेल मीटर, म्हणजे पॉइंट किती वेळ जोडलेले राहतात ते अंशात मोजणारं यंत्र, असेल तर ३० अंशाला आणा, नसेल तर चावी फिरवत फिरवत इंजिन मिस मारायला लागलं की अर्धा फेरा मागे या. पॉइंटचा फायबरचा जो तुकडा कॅमवर घासतो तो झिजत जातो, गॅप कमी होतो, स्पार्क हळूहळू उशिरा पडायला लागतो, एका रात्रीत होत नाही म्हणून कळतच नाही. आणि आधी गॅप, मगच टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती आधी स्पार्क पडतो ते, कारण गॅप हलला की टायमिंग हलतं. उलट केलंत तर दोन्ही परत करा.

हे सगळं मी केलं. टायमिंग लाइट, म्हणजे स्पार्कच्या ठेक्यावर लुकलुकणारा दिवा, लावला, डिस्ट्रिब्युटरला जाणारा व्हॅक्युमचा पाइप काढून तोंड बंद केलं, जे लोक हमखास विसरतात, आणि बघितलं तर बरोब्बर ६ अंश, मॅन्युअलमध्ये आहे तसंच. म्हणून टायमिंगवर काट मारली आणि परत कार्बोरेटरकडे गेलो.

इथे जरा थांबतो, कारण दोन वर्षं मला जे चकवत होतं ते हेच.

शेजारचे एक रिटायर्ड गृहस्थ आहेत, अमेरिकन, फार बोलत नाहीत. ते एकदा घरून व्हॅक्युम गेज, म्हणजे इंजिन किती जोरात हवा ओढतंय ते दाखवणारा गेज, घेऊन आले. वीस-पंचवीस डॉलरची वस्तू, इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळकांड्याला, एक नळी लावायची, बस. ठणठणीत इंजिन आयडलला १७ ते २१ इंच दाखवतं आणि काटा स्थिर असतो. काटा ठरावीक ठेक्यात झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह बसत नाहीये, हळूहळू तरंगत असेल तर मिक्स्चर बघा. माझा काटा होता १४ला, आणि एकदम स्थिर. ते म्हणाले, स्थिर पण खाली, म्हणजे एकतर कुठूनतरी हवा आत शिरतेय नाहीतर टायमिंग उशिराचं आहे. हवा शोधली, ब्रेक बूस्टरचा पाइप चिमटून पाहिला, कार्बोरेटरच्या बुडाशी पाहिलं, कुठेच नाही. मी म्हटलं टायमिंग उशिराचं असूच शकत नाही, लाइट सहा दाखवतोय. ते म्हणाले, लाइट सहा नाही दाखवत, लाइट खूण दाखवतो.

आता ती खूण कुठे असते? क्रँकच्या, म्हणजे पिस्टन जो दांडा फिरवतात त्याच्या, पुढच्या टोकाला हार्मोनिक बॅलन्सर, म्हणजे थरथर शोषणारं चाक, असतो, मधे हब, त्याभोवती रबर, त्याभोवती जड लोखंडी कडं. टायमिंगची खूण त्या बाहेरच्या कड्यावर कोरलेली. रबर झालं ५० वर्षांचं, उष्णता आणि ऑइल खाऊन मऊ पडलं, आणि कडं हबवरून जरासं मागे सरकलं. म्हणजे खूण सरकली! क्रँक जागेवर, पिस्टन जागेवर, फक्त सांगणारा खोटं बोलायला लागला.

तपासायचं कसं, तर एक नंबरचा प्लग काढून तिथे पिस्टन स्टॉप, म्हणजे पिस्टनला अडवणारा बोल्ट, स्क्रू करायचा, बॅटरी काढून ठेवायची, स्टार्टर चुकूनसुद्धा मारायचा नाही, आणि पान्याने क्रँक हातानेच हळू फिरवायचा, पिस्टन स्टॉपला टेकला की कव्हरवरच्या शून्यासमोर बॅलन्सरवर खडूने खूण, मग उलटं फिरवून दुसऱ्या बाजूने टेकला की दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये जी जागा ती खरी टॉप डेड सेंटर, पिस्टन सगळ्यात वर असायची. माझी मधली जागा आणि कंपनीने कोरलेली खूण यात ८ अंशांचा फरक निघाला. म्हणजे मी समजत होतो स्पार्क पिस्टन वर पोचायच्या ६ अंश आधी पडतोय, तो पडत होता २ अंश नंतर.

आता मागचं सगळं जुळवून बघा. स्पार्क उशिरा, म्हणजे जळणं उशिरा, पिस्टन खाली निघाल्यावरही आग चालूच, ती उष्णता पिस्टन ढकलायच्या ऐवजी एक्झॉस्टमध्ये आणि हेडमध्ये, म्हणून टेम्परेचर चढायचं आणि पिकअप नाही. आयडल खाली पडतो म्हणून आपण काय करतो, आयडल स्पीडचा स्क्रू आत फिरवतो. त्याने थ्रॉटलची पाती जास्त उघडी राहते. पाती उघडी राहिली की तिच्या वरची बारीक चीर उघडी पडते, जिच्यातून एरवी फक्त दम द्यायला सुरुवात करताना पेट्रोल यायला पाहिजे. आता आयडललाच तिथून पेट्रोल ओढलं जातंय, मग मिक्स्चरचे दोन स्क्रू फिरवले तरी इंजिन हूं का चूं करत नाही, आणि दम देताना जे पेट्रोल मिळायचं ते आधीच खर्च झालेलं, म्हणून तो एक क्षण हुकायची. कार्बोरेटर खराब दिसतो, वागतोही खराब, पण तो बिचारा दुसऱ्याची चूक निस्तरत होता. घरात कुणीतरी उशिरा उठतं आणि डब्यासाठी ओरडा खाते आई, तसलाच प्रकार.

नवीन बॅलन्सर बसवला, टायमिंग खरोखरचं ६ केलं, आयडल स्क्रू बराच बाहेर काढला. व्हॅक्युम १८. मिक्स्चरचे स्क्रू जिवंत झाले. तीन हजार आरपीएमला एकूण ॲडव्हान्स ३५ अंशांच्या आसपास आला, म्हणजे त्या वेगाला स्पार्क तितका आधी. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरमधली, वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणारी वजनं मोकळी हलतात ना ते बघून घ्या, जुनं ग्रीस वाळून ती चिकटतात.

कडं उलट्या बाजूला सरकलं असतं तर? तर जास्त वाईट. लाइटवर सहा दिसलं असतं आणि प्रत्यक्षात चौदा. माझ्या इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो १०.७५ आहे, तेव्हाच्या शिशाच्या महागड्या पेट्रोलसाठी केलेला, आजच्या पंपावरच्या ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलवर तो आधीच काठावर असतो. नॉकिंग करून, म्हणजे आतलं पेट्रोल आपोआप भडकून, पिस्टन फुटला असता. माझं नशीब चांगलं की माझी गाडी आळशी झाली होती, हिंसक नाही.

पेट्रोलबद्दल जास्त नाही बोलणार. मिशिगनमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर मीठ, गाडी गॅरेजमध्ये, टाकीत दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते पाणी ओढतं, जुनं रबर खातं. जुने पाइप बदला. इंजिन बंद असताना क्वाड्राजेटच्या तोंडात बघून थ्रॉटल उघडा, दोन बारीक धारा दिसल्या पाहिजेत, नाही दिसल्या तर अॅक्सिलरेटर पंपचं रबर गेलं. आणि एक फिल्टर कार्बोरेटरच्या तोंडाच्या नटामध्येच लपलेला असतो, पंपाजवळ नवा फिल्टर लावून लोक निर्धास्त राहतात आणि हा १० वर्षं तसाच.

प्रश्न? ... हां, चांगला विचारलात. हे सगळं काढून फ्युएल इंजेक्शनचं किट लावलं तर? लावा की, बरेच जण लावतात, सकाळी एका झटक्यात सुरू होते. पण बॅलन्सरचं कडं सरकलेलं असेल आणि टायमिंगसाठी तुम्ही त्याच खुणेवर विसंबलात, तर कॉम्प्युटरलासुद्धा तुम्ही तेच खोटं सांगणार, फक्त आता दोन हजार डॉलर घालून.

तुमचा काय? ... आवाज? आवाज वर्णन करून काय सांगू, गाडी बाहेर पार्किंगमध्ये उभी आहे. ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावरच्या ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, दिवसभर ट्रॅफिकमध्ये रांगली, काटा हलला नाही. चला, हुड उघडतो, गेज पण डिकीत आहे, लावून दाखवतो. फक्त मुलांना सांभाळा, एक्झॉस्टला हात लावू देऊ नका, मी आत्ताच चालवत आणलीय.