मशीन जुळण्याआधी प्रोग्रामची झडती

[दृश्य: नागपूरजवळची बुटीबोरी एमआयडीसी. रिकामी शेड, जमिनीवर खडूच्या रेघा.]

संत्र्याची खोकी बंद करणारी लाइन इथे बसायची आहे. सांगाड्याचं वेल्डिंग अजून व्हायचंय, तरी टेबलावरचा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा औद्योगिक संगणक, खोकी मोजतोय. त्याला सिग्नल देतंय लॅपटॉपमधलं मशीनचं डिजिटल जुळं, म्हणजे मशीनसारखं वागणारं सॉफ्टवेअर: एक पट्टा, दोन फोटो सेन्सर, हवेच्या दाबाने खोकं ढकलणारा एक सिलिंडर.

सुरुवात थ्रीडी चित्रापासून करू नका. ते देखणं असतं, पण प्रोग्रामला फक्त इनपुट (सेन्सरकडून येणारे सिग्नल) आणि आउटपुट (मशीनला जाणारे आदेश) कळतात. आधी आय-ओ लिस्ट, म्हणजे या इनपुट-आउटपुटची यादी घ्या, वायरिंगच्या ड्रॉइंगशी ताडून बघा आणि प्रत्येक आउटपुटसमोर लिहा: हा चालू झाला की कोणता सेन्सर, किती वेळाने बदलेल. सिलिंडर पुढे जायला 0.4 सेकंद लागणार असतील, तर जुळ्यातही तेवढेच लागले पाहिजेत. सिलिंडरला हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हला आदेश मिळताक्षणी सेन्सर लागला, तर 'सिलिंडर अडकला' हा अलार्म कधी तपासलाच जात नाही.

[दृश्य: पट्ट्यावर जवळजवळ चिकटून चाललेली दोन खोकी.]

पट्टा सेकंदाला 1 मीटर धावतो. दोन खोक्यांत 10 मिलिमीटर फट, म्हणजे सेन्सरसमोर ती जेमतेम 10 मिलिसेकंद राहते. पीएलसीचा स्कॅन, म्हणजे इनपुट वाचून प्रोग्राम चालवण्याची एक फेरी, 20 मिलिसेकंदांचा असेल तर फट निसटू शकते, दोन खोकी एकच मोजली जातात. स्कॅनची वाट न बघता मोजणारा हायस्पीड काउंटर वापरा, सिग्नल येताच दखल घ्यायला लावणारा इंटरप्ट इनपुट घ्या, नाहीतर फट वाढवा. पण जुळंच 50 मिलिसेकंदांच्या टप्प्याने चालत असेल, तर त्यातलं खोकं एका उडीत 50 मिलिमीटर पुढे जातं. तिथे ही चूक भरवशाने सापडणार नाही.

जुळ्याचा खरा उपयोग बिघाड घालण्यात आहे. सगळं सुरळीत चालणारं जुळं चुकीच्या प्रोग्रामलाही पास करतं. हवेचा दाब 6 बारवरून 4 वर आणा, सिलिंडर संथ करा. सिलिंडर पुढे आहे की मागे ते सांगणारे दोन्ही रीड स्विच एकदम चालू करा. ढकलणं अर्ध्यावर असताना वीज घालवा. ती परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. खऱ्या मशीनवर हे करून बघताना सिलिंडरचा रॉड वाकू शकतो, कुणाचं बोट सापडू शकतं.

[दृश्य: उघडं कंट्रोल पॅनेल, आत लटकवलेला तापमापक.]

नागपूरचा मे महिना जुळ्याला ठाऊक नसतो. बाहेर 45 अंश असताना पॅनेलच्या आत किती तापतं, ते तिथे मोजूनच कळतं. इमर्जन्सी स्टॉपचंही तसंच: लाल बटण दाबताच मशीन बंद पाडणाऱ्या सेफ्टी रिलेचं वायरिंग जुळ्यात नाही. शेडमधलं प्रत्येक लाल बटण हाताने दाबून तपासायचं. त्याच दिवशी सिलिंडरची खरी वेळ मोजायची आणि जुळ्यातल्या 0.4 च्या जागी ती भरायची.