पाऊस गेल्यावरचा भंडारदरा

(दृश्य: डिसेंबरातली सकाळ. घोटी गाव, गिरणीसमोर उभे ट्रॅक्टर.)

मुंबई-नाशिक महामार्ग घोटीला सोडायचा आणि कोल्हारच्या रस्त्याला लागायचं. या दिवसांत घोटीच्या भात गिरण्यांना उसंत नसते. डोंगरातला नवा भात ट्रॅक्टर भरभरून येतो, तूस एकीकडे पडतं, तांदूळ पोत्यात जातो. आपण निघालोय उलट्या दिशेला, हा भात जिथून येतो तिकडे.

भंडारदऱ्याला लोक येतात ते जुलैत धबधब्यांसाठी, नाहीतर पावसाच्या तोंडावर काजवे बघायला. हिवाळ्यात गर्दी ओसरते. आमचं म्हणाल, तर हा मुलूख कळतो हिवाळ्यातच. पावसाळ्यात इथे फक्त पाऊस दिसतो. डोंगर, शेतं, माणसं, सगळं त्याच्या आड.

(दृश्य: वळणाचा रस्ता, समोर कळसूबाईचा डोंगर.)

बारी गाव. डोक्यावर कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पण नजर जरा खाली आणा. भात कापून मोकळी झालेली खाचरं उतारावर एकाखाली एक लागली आहेत. काहींत नुसता धसकटांचा पिवळा रंग, काहींत मात्र हिरवं दिसतंय. तो हरभरा, वाल, मसूर. यांना कुणी पाणी देत नाही. भात निघाल्यावर मातीत जी ओल राहते तिच्यावर आणि पहाटेच्या दहिवरावर ही पिकं निभावतात.

बांधावरची झाडंही बघा. काही अगदी बोडकी, वर दोन-चार फुटवे. कुणी झाडं मारलेली नाहीत. फांद्या छाटून वाळवतात आणि उन्हाळ्यात भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळतात. याला राब म्हणतात. त्याने तणाचं बी मरतं आणि रोप जोमदार येतं. म्हणजे पुढच्या पावसाची तयारी आताच सुरू झाली आहे.

(दृश्य: शेंडी गाव, धुक्याने भरलेला जलाशय.)

शेंडीला पोचेपर्यंत ऊन वर यायला हवं होतं, पण समोर पाणी दिसतच नाही. रात्री डोंगरउतारावरची गार, जड हवा खाली घरंगळते आणि दरीत साचते. जलाशयाचं पाणी मात्र त्या हवेपेक्षा ऊबदार असतं. त्याची वाफ गार हवेत आली की धुई धरते. गाडीचे दिवे लावा आणि वेग आवरा, कारण वळणापलीकडे गुरं उभी असणार, हे गृहीत धरायचं.

धुई विरली की धरण दिसतं. प्रवरा नदीवरचं हे भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. दगडी बांधकामाची भिंत, उंची ८० मीटरहून थोडी जास्त. सुमारे ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट पाणी मागे अडलेलं. ते अडवलंय खालच्या सपाटीसाठी. कालव्यांनी ते संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या रानात जातं; तिथला ऊस आणि साखर कारखाने याच पाण्यावर वाढले. काठावरच्या डोंगरगावांत मात्र मळणी उरकली की बरीच तरणी माणसं पलीकडच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगाव-ओतूरकडे, कांदा लागवडीला आणि बागायतीच्या कामाला जातात. म्हणून दुपारी वाटेत भेटतात ती जास्त करून म्हातारी माणसं आणि शाळेतून परतणारी पोरं.

(दृश्य: उत्तर काठाने पश्चिमेकडे जाणारा रस्ता. अलंग, मदन, कुलंगचे कडे.)

जलाशयाला फेरी घालणारा रस्ता साधारण ४० किलोमीटरचा. उजव्या हाताला अलंग, मदन आणि कुलंग, सह्याद्रीतले अवघड समजले जाणारे तीन किल्ले. डावीकडे पाणी. मग घाटघर येतं आणि जमीनच संपते. कड्याखाली थेट कोकण, ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका. हिवाळी दुपारी खाली धुरकट दिसतं. लख्ख बघायचं तर सकाळी लवकर यावं.

या कड्याचा उपयोग माणसाने मोठ्या हिशेबाने केलाय. वर एक धरण, खाली चोंढ्याला दुसरं, आणि दोन्हींच्या मध्ये डोंगराच्या पोटात वीजघर. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून वीज करायची. मागणी उतरली की तेच पाणी पंपाने परत वर चढवायचं. क्षमता २५० मेगावॅट. चढवायला लागणारी वीज मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच असते, तरी ऐन गरजेच्या वेळी वीज हातात येते म्हणून हा व्यवहार परवडतो.

साम्रदची सांदण दरी पायी बघायची, तिला वेगळा दिवस द्या. रतनवाडीला मात्र थांबाच. अमृतेश्वराचं जुनं शिवालय, शेजारी पायऱ्यांची पुष्करणी. झंज राजाने बारा नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे प्रवरेचं, असं सांगतात. वर रतनगड, त्याच्या माथ्यावरचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, खालूनही दिसतं. देवळाच्या खांबांवरचं कोरीवकाम दुपारच्या तिरप्या उन्हात बघावं. पावसाळ्यात ते अंधारात जातं.

(दृश्य: रंधा. कोरडा कडा.)

मुतखेलवरून परत शेंडी, आणि पुढे रंधा. हिवाळ्यात हा धबधबा पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकावर चालतो. शेतीचं आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीचं धरणाचं पाणी, सुटलं असेल तर प्रवरा इथून कोसळताना दिसेल. नसेल तर नुसता काळा खडक बघून पुढे व्हायचं.

(दृश्य: राजूर. जनावरांचा बाजार.)

राजूरला पेढे घ्यायचेच असतात. डिसेंबरातल्या जनावरांच्या प्रदर्शनाशी गाठ पडली, तर डांगी बैल बघायला वेळ ठेवा. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, खूर काळे आणि टणक. या जातीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे संततधारेतही अंग भिजून गारठत नाही. चिखलात भात लावायचा तर औत ओढायला असाच बैल लागतो. इथे दावणीपाशी दात मोजले जातात, वशिंडावर हात फिरतो आणि भाव ठरतो, जूनमधल्या चिखलणीच्या हिशेबाने.