आधी दारं, मग विनोद

(दृश्य: रिकामा हॉल. फरशीवर खडूने घराचा आराखडा आखला जातोय. सोफ्याच्या जागी तीन खुर्च्या ओळीने मांडल्या जातात.)

मध्यभागी सोफा, प्रेक्षकांकडे तोंड करून. मागे जिना. एका अंगाला बाहेरचं दार, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर. अमेरिकन कौटुंबिक सिटकॉममधली, म्हणजे विनोदी मालिकांमधली, कितीतरी घरं याच मांडणीवर उभी राहिली. पुण्यात कुणाला असं भांडकुदळ घर पडद्यावर उभं करायचं असेल, तर संवाद लिहायच्या आधी खडू हातात घ्यावा. कारण या प्रकारातला निम्मा विनोद घराच्या नकाशात असतो.

(दृश्य: जुन्या टीव्ही संचाचा पडदा.)

५ एप्रिल १९८७. फॉक्स या नव्या अमेरिकन वाहिनीने प्राइम टाइमचं प्रसारण सुरू केलं, ते ‘मॅरीड... विथ चिल्ड्रन’ या मालिकेने. शिकागोच्या उपनगरातलं बंडी कुटुंब. बाप अ‍ॅल मॉलमधल्या दुकानात बायकांचे बूट विकतो. १९६६ साली, शाळेत असताना, त्याने अमेरिकन फुटबॉलच्या एकाच सामन्यात चार टचडाउन (आपल्याकडच्या गोलसारखे) केले होते. त्यानंतर सांगण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून तो तेच सांगत राहतो. बायको पेगी नोकरी करत नाही आणि चुलीपाशीही जात नाही. मुलीचं नाव केली, मुलाचं बड; दोघांची नजर बापाच्या पाकिटावर. तयारीच्या काळात मालिकेचं कामचलाऊ नाव होतं ‘नॉट द कॉस्बीज’. म्हणजे ‘द कॉस्बी शो’सारख्या त्या वेळच्या गोडगोजिऱ्या टीव्ही कुटुंबांच्या बरोब्बर उलट. मालिका अकरा सीझन चालली, १९९७पर्यंत.

ही माणसं एकमेकांना एवढं बोलतात, तरी बघवतात. का? प्रत्येकाची एकच हाव आहे आणि ती कधीच पुरी होत नाही. भाग जिथे सुरू झाला तिथेच येऊन थांबतो: पैसे नाहीत, जेवण नाही, आणि घर सोडून कुणी जात नाही. लेखकांनी यातली एक जरी गाठ सोडली, अ‍ॅलला बढती दिली किंवा पेगीला सुगरण केलं, तर पुढचा भाग लिहायला काही उरत नाही.

पुण्यात हा बाप लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानात उभा करता येईल. दिवसभर साड्या उलगडायच्या आणि परत घड्या घालायच्या. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत अभिनयाचं उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालेलं. त्याचं प्रशस्तिपत्र लॅमिनेट करून सोफ्याच्या बरोबर मागे लावायचं, म्हणजे प्रत्येक रुंद शॉटमध्ये ते आपोआप दिसत राहील आणि त्याबद्दल दर वेळी बोलावं लागणार नाही.

(दृश्य: उपनगरातल्या सोसायटीचा जिना. दारांवरच्या नावांच्या पाट्या.)

खरी अडचण घराची आहे. धनकवडीच्या किंवा वाकडच्या टू बीएचकेला दार एकच. एका दारातून जो आत येतो त्याला बाहेर जाणारा भेटणारच. चुकवाचुकवी, लपाछपी, चोरून ऐकणं सगळं बंद. किमान तीन वाटा हव्यात. पहिली मुख्य दाराची. दुसरी बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजची. जिन्याचं काम ती करते. तिसरी स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीची. तिला बाहेर जायला रस्ता नाही, आणि म्हणूनच ती फार कामाची: तिथे लपलेला माणूस अडकतो. रो-हाउस दाखवलं तर जिना मिळतो, मागचं दार मिळतं, पण मग शेजारीण समोरच्या दारातून वाटी घेऊन येण्याचं कारण अवघड होतं. आमच्या मते फ्लॅटच बरा.

मुख्य दार बाजूच्या भिंतीत असेल तर बिजागऱ्या प्रेक्षकांपासून लांबच्या, म्हणजे मागच्या कडेला लावाव्यात आणि दार आत उघडावं. त्या उलट लावल्या की दाराची फळीच आत येणाऱ्याला झाकते. एंट्रीचा हशा तिथेच जातो. दारापासून सोफ्यापर्यंत पाच-सहा पावलं ठेवा. खऱ्या हॉलमध्ये दोन पावलांत माणूस सोफ्याला धडकतो. बोलायला, हशा घ्यायला आणि मग बसायला त्याला जागाच मिळत नाही. दहा बाय पंधराच्या हॉलचा सेट म्हणून वीस-बावीस फूट रुंद बांधावा. पडद्यावर तो मोठा वाटत नाही. सोफ्यामागेही तीन-चार फूट मोकळे हवेत. मागून जाणाऱ्याने पुढच्यांचं बोलणं ऐकायचं असतं.

सेटच्या भिंतींचे तुकडे, म्हणजे नाटकवाल्यांचे ‘फ्लॅट’, प्लायचे, उंची दहा फूट. आठ फुटी प्लाय तशीच उभी केली तर रुंद शॉटमध्ये भिंतीच्या वरचे दिवे दिसतात. आणि दाराची चौकट शेजारच्या फ्लॅटला नुसती खिळ्यांनी ठोकू नका. या घरात दार दणकन आपटलं जाणार, दर भागात. चौकटीला मागून स्वतंत्र तिरके टेकू द्या, पायाशी वाळूची पोती टाका. भिंत हलली की प्रेक्षक भांडण विसरून भिंतीकडे बघतात.

(दृश्य: तीन कॅमेरे, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा.)

प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रण करण्याची पद्धत रुजवली १९५१ सालच्या ‘आय लव्ह लूसी’ने. छायाचित्रकार होते कार्ल फ्रॉइंड. मांडणी आजही तीच चालते: मधला कॅमेरा रुंद शॉट घेतो, डावीकडचा उजव्या नटाचा क्लोजअप, उजवीकडचा डाव्याचा. नट ज्या बाजूला आहे त्याच बाजूच्या कॅमेऱ्याने क्लोजअप घ्यायला गेलात तर चेहऱ्याची नुसती कड दिसते, डोळे दिसत नाहीत. प्रकाश वरून, दोन्ही बाजूंनी, सारखा. तिन्ही कॅमेऱ्यांचं व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) एकच ठेवून सुरुवातीला टाळी द्यायची, म्हणजे संकलनात तिन्ही चित्रणं जुळवता येतात.

खऱ्या फ्लॅटमध्येच शूटिंग करायचं असेल तर ही पद्धत सोडा. तिथे एक कॅमेरा, हशा नाही. २००० ते २००६ या काळातल्या ‘माल्कम इन द मिडल’ने तेच केलं. पण मग सगळी लय संकलनात शोधावी लागते.

(दृश्य: छोट्या रंगमंचासमोर बसलेले प्रेक्षक.)

प्रेक्षक असतील तर मात्र हशा हेच तालवाद्य. पुण्यातल्या नाटकवाल्यांना हे शिकवावं लागत नाही: हशा चढू द्यायचा, तो उतरायला लागला की पुढचं वाक्य. पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर खड्डा पडतो. हशा चढत असतानाच बोललात तर वाक्य बुडतं, आणि दोन-तीनदा असं झालं की प्रेक्षक ऐकू यावं म्हणून हसणं आवरतात. बावीस मिनिटांचा भाग म्हणूनच वाचनात अठरा-एकोणीस मिनिटांचा असावा.

प्रेक्षकांचे माइक वेगळ्या ट्रॅकवर घ्या. नटांच्या माइकमध्ये हशा थोडा येणारच, पण वेगळा ट्रॅक नसेल तर तो कमी-जास्त करता येत नाही. प्रत्येक प्रवेश दोनदा तरी घ्यावा लागतो, आणि दुसऱ्या वेळी विनोद माहीत असतो, हशा निम्म्यावर येतो. लेखक तिथे हजर हवा. दुसऱ्या टेकला शेवटची ओळ बदलून दिली की हसू पुन्हा ताजं येतं.

प्रेक्षक गेल्यावर राहिलेले शॉट पुरे करायचे. इथे नट हमखास घाईने बोलतात, कारण समोर कुणी हसत नाही. सहायकाने पहिल्या टेकमधल्या हशाची लांबी सेकंदांत लिहून ठेवलेली असावी आणि तेवढा वेळ हात वर धरावा. हात खाली आला की नटाने बोलायचं. तेवढी जागा सोडली नाही, तर संकलनात पहिल्या टेकचा हशा या शॉटवर बसत नाही. त्याची शेपटी पुढच्या वाक्यावर चढते आणि ते वाक्य पुन्हा डब करावं लागतं.