दुसऱ्या हातची माहिती

श्रोतेहो, नमस्कार.

संशोधनाला नुकत्याच लागलेल्या विद्यार्थ्याला विचारावं, "माहिती प्राथमिक घेणार की दुय्यम?" तर उत्तर ठरलेलं असतं: प्राथमिक. का, तर म्हणे ती जास्त खरी असते. या एका समजुतीपायी चांगल्या चांगल्या विषयांची माती होते, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आज त्यावरच बोलणार आहे.

व्याख्या सोपी आहे. आपल्या प्रश्नासाठी आपणच मुलाखती घेऊन, प्रश्नावली भरून घेऊन, निरीक्षण किंवा प्रयोग करून मिळवतो ती प्राथमिक माहिती. दुसऱ्या कुणी स्वतःच्या कामासाठी आधीच गोळा करून ठेवलेली, म्हणजे जनगणनेचे तक्ते, नोंदवह्या, अहवाल, ती दुय्यम. घोटाळा केलाय तो या ‘दुय्यम’ शब्दाने. ऐकणाऱ्याला वाटतं, कमी प्रतीची. अर्थ आहे दुसऱ्या हातची, एवढाच. प्रगणक दारात उभा राहून जे लिहून घेतो ते जनगणना करणाऱ्यांसाठी प्राथमिक असतं. तोच आकडा तुमच्या प्रबंधात आला की दुय्यम होतो.

या दोन्हींची सांगड कशी घालावी, हे मला एका माणसाकडून शिकावंसं वाटतं. डॉक्टर जॉन स्नो. १८५४ साली ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ भडकली. रोग दूषित हवेतून येतो, असं तेव्हा बहुतेकांचं मत होतं. स्नोंना संशय पाण्याचा. त्यांनी आधी मृत्यूनोंदणी कार्यालयातून २ सप्टेंबरला संपलेल्या आठवड्याची यादी मिळवली. आसपासच्या तीन विभागांत पटकीने ८९ मृत्यू, त्यांतले ८३ शेवटच्या तीन दिवसांतले. ही माहिती दुय्यम. मग पत्ते पाहत ते त्या भागात गेले, तर जवळजवळ सगळे मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाच्या आसपास. दुसरा पंप जवळ असलेल्या घरांतले मृत्यू फक्त दहा.

या दहांचं काय? यादी इथवर आणून सोडते, पुढे तिला विचारून उपयोग नसतो. स्नोंनी घरच्यांना विचारलं. पाच जणांच्या घरून कळलं, जवळचा पंप सोडून आम्ही पाणी ब्रॉड स्ट्रीटवरूनच मागवतो. आणखी तिघं लहान मुलं होती, त्यांची शाळा त्या पंपाजवळ. उलट, त्याच भागातल्या निराधारांच्या एका मोठ्या आश्रयगृहात ५३५ माणसं राहत होती आणि पटकीने दगावली फक्त पाच. चौकशी केली तर आवारात त्यांची स्वतःची विहीर होती. ८ सप्टेंबरला ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढण्यात आला.

आता ही चौकशी स्नोंना फळली याचं कारण, काय विचारायचं ते यादीने आधीच सांगितलं होतं. यादी न घेताच दारोदार फिरायला निघालेला माणूस नुसते कागद गोळा करतो. आजही तेच होतं. उपलब्ध अहवाल न वाचता प्रश्नावली छापली जाते, आणि कुणीतरी आधीच नीट मोजून ठेवलेली गोष्ट पुन्हा, जास्त खर्चाने आणि कमी काटेकोरपणे मोजली जाते. उत्तर देणाऱ्यांचा वेळ फुकट जातो तो वेगळाच. मला यात सर्वांत जास्त तेच खुपतं.

बरं, स्वतः विचारलं म्हणजे खरं कळलं असंही नाही. "तुम्ही नियमित व्यायाम करता का?" असं विचारून पाहा. माणूस जरा सावरून बसतो आणि म्हणतो, "करतो की." मग विचारा, "काल केलात?" "काल नाही जमलं." "परवा?" आता तो नुसताच हसतो. हा माणूस खोटारडा नाही. पहिला प्रश्न त्याच्या मनातल्या स्वतःच्या चित्राला विचारला होता, दुसरा कालच्या दिवसाला. पण अहवालात पहिलंच उत्तर जातं आणि त्याची टक्केवारी निघते. म्हणून प्रश्नावली आधी थोड्या लोकांवर वापरून बघायची असते. तिला पूर्वचाचणी म्हणतात. घाईत सगळ्यात आधी हीच पायरी गाळली जाते.

संख्येनेही हुरळून जाऊ नये. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या, आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं भाकीत केलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते ते टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांमधून. मंदीच्या त्या दिवसांत ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं, त्यातले बहुतेक लोक यादीत आलेच नाहीत. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवलंच नाही, ते वेगळे.

दुसऱ्या हातच्या माहितीतली फसगत वेगळ्या जागी असते: शब्दांच्या व्याख्येत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मापात, संदर्भ आठवड्यात, म्हणजे ज्या आठवड्याबद्दल विचारलं जातं त्यात, मोबदल्यासाठी एक तासभर काम केलेली व्यक्तीसुद्धा रोजगारात धरली जाते. मोजणीसाठी या व्याख्येला कारणं आहेत. पण तुमच्या मनातला ‘बेरोजगार’ म्हणजे पोटापुरतं काम न मिळणारा माणूस असेल, तर त्या तक्त्यातला आकडा तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. म्हणून तक्ता उतरवून घेण्याआधी त्याच्या तळटीपा वाचा. कुणी मोजलं, कधी, कशासाठी आणि कोण मोजणीतून सुटलं, हे बहुधा तिथेच बारीक अक्षरात दिलेलं असतं.

दुसऱ्याच्या आकड्यांवर किती उंच जाता येतं, याचा दाखला खगोलशास्त्रज्ञ केपलरचा. मंगळाची निरीक्षणं दुसरे खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांनी दुर्बिणीच्या आधीच्या काळात केलेली. केपलर टायकोंच्या हाताखाली राहिले होते आणि मोजण्यात त्यांचा हात किती नेमका आहे हे त्यांनी पाहिलं होतं. वर्तुळावर बेतलेल्या केपलरच्या गणितात आणि टायकोंच्या निरीक्षणांत फक्त आठ कलांचा, म्हणजे पूर्ण चंद्राच्या साधारण पाव रुंदीएवढा फरक पडत होता. दुसऱ्या कुणी तो चुकीच्या मापावर ढकलला असता. टायको एवढे चुकणार नाहीत, ही केपलरना खात्री होती. त्यांनी आपलंच गणित मोडलं, आणि १६०९ मध्ये मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे असं जगापुढे मांडलं. स्वतःची निरीक्षणं नव्हती म्हणून काही अडलं नाही.

जाता जाता पुन्हा स्नोंकडे. मृत्यूंच्या साप्ताहिक पत्रकात सोहोपासून दूर, हॅम्पस्टेड भागातली एक नोंद होती. ५९ वर्षांची विधवा, जुलाब दोन तास, पटकी सोळा तास. एवढंच. नोंद करणाऱ्याची यात काही चूक नाही, पाण्याबद्दल लिहायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. स्नोंना तिच्या मुलाकडून कळलं, की आई कित्येक महिन्यांत ब्रॉड स्ट्रीटकडे फिरकली नव्हती. पण तिथून रोज एक गाडी येई, आणि तिला तिथल्या पाण्याची चव आवडते म्हणून त्या गाडीतून एक मोठी बाटली भरून आणली जात असे.

नमस्कार.